घरची तोफ आणि परका गोलंदाज

१. प्रस्ताव

हत्यार आपल्या घरीं घडवावें, कीं घडविणारा कसबी दाम मोजून बाहेरून आणावा, कीं तयार हत्यारच विकत घ्यावें, हा प्रश्न शिवकालापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत मराठ्यांपुढें कोणत्या ना कोणत्या रूपानें उभा होता. तोफा, बंदुका व दारूगोळा यांविषयींचे उल्लेख आपल्या दप्तरांतून विपुल आहेत. परंतु ते बहुधा लढायांच्या हकीकतींच्या अनुषंगानें वाचले जातात. कारखान्याच्या दृष्टीनें ते वाचले, म्हणजे त्यांतून निराळीच कथा निघते. ती थोडक्यांत मांडण्याचें येथें योजिलें आहे.

हा विषय मजपुढें आला तो एका चुकीमुळें. आणि ती चूक माझीच असल्यानें प्रथम सांगून टाकतों. मी कळंबचा रहिवासी. शाळेंतून निवृत्त झाल्यावर गांवोगांवच्या वाड्यांतील पोथ्या व कागद पाहण्याचा नाद मला लागला. मांजरेकांठच्या एका खेड्यांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं, माळवदाखालच्या अंधाऱ्या खणांत, धान्याच्या कणगीमागें एक लांब नळीची तोड्याची बंदूक निघाली. दस्ता वाळवीनें खाल्लेला होता व नळी गंजलेली होती. परंतु नळीच्या मागील अंगास, कानाजवळ, कोरीव अक्षरांची एक ओळ गंजाखालून अस्पष्ट दिसत होती. धातूच्या जुन्या वस्तु जतन करणाऱ्या एखाद्या जाणत्यास आधीं दाखवावी, असें त्या विद्यार्थ्यानेंच सुचविलें होतें. मला तेवढा दम निघाला नाहीं. घरांतलीं भांडीं आपण जन्मभर घांसलेलीं पाहतों, एवढ्या नळीसाठीं पुण्यास कशाला जावयाचें, असें म्हणून मीं चिंच, राख आणि वाळू मागविली व नळी घांसली. गंज गेला, त्याबरोबर अक्षरेंही गेलीं. 'ज' कीं 'त' असें एक अक्षर तेवढें शेवटीं राहिलें. त्या ओळींत घडविणाराचें नांव होतें, कीं मालकाचें, कीं सरकारी शिलेखान्याचा आंकडा होता, हें आतां कोणासच कळावयाचें नाहीं.

विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. त्याच्या न बोलण्यानें मात्र मला विचार करावयास लाविलें. घरीं करावें कोणतें आणि जाणत्याकडे न्यावें कोणतें, हा विवेक मला साठीनंतरही नव्हता. मग ज्यांच्या डोक्यावर शत्रु बसला होता, त्यांनीं तो कसा केला असेल?

२. ग्रंथांतील नालिका आणि भट्टींतील नळी

संस्कृताचा विद्यार्थी म्हणून माझी पहिली धांव ग्रंथांकडे गेली. शुक्रनीतींत बृहन्नालिक व लघुनालिक अशीं दोन यंत्रें वर्णिलीं असून सोरा, गंधक व कोळसा यांपासून अग्निचूर्ण सिद्ध करण्याचीं प्रमाणेंही दिलीं आहेत. यावरून प्राचीन भारतांत तोफ-बंदूक होती, असें प्रतिपादन इ.स. १८८० मध्यें गुस्ताव ऑपर्ट यांनीं केलें, व तें पुष्कळांस प्रियही वाटलें. परंतु शुक्रनीतीचें आजचें स्वरूप फार अर्वाचीन आहे, हें मत आतां बहुतेक संशोधकांनीं स्वीकारिलें आहे. तेव्हां तो आधार सोडून देणेंच बरें. परशुराम कृष्ण गोडे यांनीं दारूकामाच्या इतिहासाचा शोध घेतांना हस्तलिखितांचाच मार्ग धरला, आणि ओरिसाच्या गजपति प्रतापरुद्रदेवाच्या नांवावर असलेल्या 'कौतुकचिंतामणी'तील दारूकामाच्या कृति उजेडांत आणल्या. अशा पोथ्या कालनिर्णयास फार उपयोगी असतात.

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या 'राजव्यवहारकोशा'च्या दहा वर्गांत शस्त्रवर्ग हा एक स्वतंत्र वर्ग आहे. दरबारांत रुळलेल्या यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द द्यावे, हा त्या कोशाचा हेतु. हें कार्य मोठें खरें. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. तोफेस संस्कृत नांव देणें हें पंडिताचें काम, आणि तोफ ओतणें हें ओताऱ्याचें. पहिलें काम लेखणीनें एका बैठकींत होतें. दुसऱ्यास हात लागतात, आणि ते हात घडविण्यास एक पिढी लागते.

हें कसें, तें संग्राहकांस नळी पाहतांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोडें स्पष्ट करतों. जुन्या देशी बंदुकीची नळी पुष्कळदां लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवतीं पिळानें गुंडाळीत व तिचे कांठ एकमेकांवर ठोकून एकजीव करीत. मग आंतील पोकळी घांसून सरळ करीत. चांगल्या नळीवर हा पीळ वेलबुट्टीसारखा दिसतो. पुष्कळ जण त्यास नक्षी समजतात. नक्षी ती नव्हे, तो सांधा आहे. सांधा कोठें कच्चा राहिला, तर नळी फुटे आणि पहिला बळी शत्रूचा नव्हे, तर नेम धरणाराचाच पडे. पंचरशी तोफेचें काम याहून अवघड. मातीचा सांचा, त्याच्या मधोमध मातीचाच गाभा, आणि दोहोंमधील पोकळींत वितळलेल्या धातूचा रस. गाभा केसभर ढळला, तर तोफेची एक भिंत जाड व एक पातळ होते. सांच्यांत ओल राहिली, तर वाफ होऊन रस उसळतो किंवा धातूंत पोकळ्या राहतात. मोठ्या तोफेस एका भट्टीचा रस पुरत नाहीं. अनेक भट्ट्यांचीं तोंडें एका वेळीं फोडावीं लागतात. रस केव्हां तयार झाला, हें ओतारी त्याच्या रंगावरून ओळखतो. हा रंग कोणत्याही पोथींत लिहून ठेवतां येत नाहीं. तो गुरूशेजारीं उभें राहूनच पाहावा लागतो.

३. परांड्याची तोफ

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील परांडा व नळदुर्ग या दोन किल्ल्यांवर आजही जुन्या तोफा पाहावयास मिळतात. नळदुर्गाच्या उपळी बुरुजावरील लांब तोफा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु या भागांतील सर्वांत प्रसिद्ध तोफ आज येथें नाहीं. विजापूरच्या तटावर असलेली 'मलिक-इ-मैदान' ही पूर्वीं परांड्यास होती.

तीवरील लेखाप्रमाणें ती हिजरी ९५६ म्हणजे इ.स. १५४९ मध्यें निजामशाहींत सिद्ध झाली; ओतणाराचें नांव महंमद बिन हुसेन रूमी. अहमदनगर येथें ती ओतली गेली. लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, नळीचा आंतील व्यास सुमारे दोन फूट चार इंच, आणि वजन पंचावन्न टनांच्या घरांत सांगतात. तोंडाशीं आ वासलेला सिंहमुखी राक्षस असून त्याच्या दाढांत हत्ती सांपडलेला दाखविला आहे. धातूच्या पृथक्करणांत शेंकडा सुमारे ऐंशी भाग तांबें व वीस भाग कथील आढळलें. तोफेस सामान्यतः दहा भागांत एक भाग कथील घालीत. येथें त्याच्या दुप्पट आहे, म्हणजे धातु जवळजवळ घंटेच्या जातीची झाली. एवढ्या ठिसूळ मिश्रणाची एवढी प्रचंड तोफ न तडकतां टिकली, यावरूनच ओतणाराचा अधिकार कळतो. इ.स. १६३२ च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानें ती परांड्याहून विजापुरास नेली. पुढें इ.स. १६८६ मध्यें विजापूर पडल्यावर औरंगजेबानें आपल्या विजयाचा लेख तीवर कोरविला.

आतां या एका तोफेचा प्रवास पाहा. 'रूमी' म्हणजे रूमचा, तुर्कस्तानच्या बादशाहींतून आलेला. निजामशहानें जाणता माणूस बाहेरून आणविला, आणि त्यानें आपलें काम चोख केलें. पण तोफ अहमदनगरची परांड्याची झाली, परांड्याची विजापूरची झाली, आणि विजापूरची आलमगिराची झाली. तोफेवर राजाचें नांव आहे, ओतणाराचें नांव आहे, जिंकणाराचेंही नांव आहे. त्या रूमीनें आपला कसब कोणास शिकविला, त्याचें नांव मात्र तीवर नाहीं. राज्याच्या दृष्टीनें तें चौथें नांव पहिल्या तिघांहून महत्त्वाचें होतें.

४. शिवकालीन अनुभव: विकत घेतलेलें हत्यार

शिवछत्रपतींस या तिन्ही मार्गांचा अनुभव आला. कल्याण-भिवंडीकडे आरमाराचीं गलबतें बांधण्यास त्यांनीं इ.स. १६५९ च्या सुमारास पोर्तुगीज कसबी ठेविले होते. रुई लैतांव व्हिएगस हा त्यांचा प्रमुख असून त्याजबरोबर तीनशेंहून अधिक माणसें होतीं. उद्यां हें आरमार आपल्यावरच चालून येईल, हें पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं व्हिएगसास आंतून वळविलें व तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. तरी आरमार उभें राहिलेंच. कारण कोंकणच्या किनाऱ्यावर गलबतें बांधणारे व हांकारणारे लोक मुळांतच होते, आणि जें शिकावयाचें तें त्यांनीं हातासरशीं शिकून घेतलें असलें पाहिजे. परका गेला आणि काम चाललें: या प्रकरणांतील हा शुभ भाग होय.

तयार माल घेण्याची कथा याहून कडू आहे. इ.स. १६६० मध्यें पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असतां राजापूरच्या वखारीचे इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेले व त्यांनीं आपलें निशाण लावून गडावर मारा केला. महाराजांनीं पुढील वर्षीं राजापूर मारून त्या इंग्रजांस कैद केलें. नंतर तह-तडजोडी होत राहिल्या. तोफांची मागणी मात्र इंग्रज दीर्घ काळ टाळीत राहिले. फ्रेंचांकडून तोफा मिळाल्या, इ.स. १६७३ च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंच वखारवाल्यांकडून ऐंशी तोफा घेतल्याचा उल्लेख ऑर्मच्या ग्रंथांत आहे. परंतु विकणारा कोणता माल विकील, केव्हां विकील आणि उद्यां कोणाच्या बाजूनें उभा राहील, हें घेणाराच्या हातीं नव्हतें. बाजारांतून तोफ येते. तिच्याबरोबर विकणाराची मर्जीही येते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त टोपीकरांस व्यापारापुरतें येऊं-जाऊं द्यावें, कायमचें ठाणें देऊं नये, असा जो कटाक्ष आहे, त्याच्या मागें हा सर्व अनुभव आहे. त्याच ग्रंथांत दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू व बाण यांस वेळोवेळीं ऊन दाखवावें, इत्यादि बारीक सूचना आहेत. या सूचना ज्यानें लिहिल्या, त्यानें दारूचीं ओलीं झालेलीं मडकीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं असलीं पाहिजेत.

५. गारदी: भाड्याची विद्या

अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच सेनानी बुसी यानें निजामाच्या दरबारीं कवायती पायदळाचा व चपळ तोफखान्याचा प्रभाव दाखविला. त्या तालमींत तयार झालेले हिंदी सरदार पुढें स्वतंत्रपणें नोकरी शोधूं लागले. यांतील मुजफरखान गारदी एकदां पेशव्यांकडे व एकदां निजामाकडे असा फिरत राहिला, आणि अखेर इ.स. १७५९ मध्यें सदाशिवरावभाऊंच्या जिवावर उठल्यामुळें त्यास देहान्त शासन झालें. दुसरा इब्राहिमखान गारदी. हा निजामाची चाकरी सोडून भाऊंकडे आला. इ.स. १७६० च्या फेब्रुवारींत औसा-उदगीरच्या परिसरांत, म्हणजे आमच्या मराठवाड्याच्याच भूमीवर, निजामाचा जो पराभव झाला, त्यांत इब्राहिमखानाच्या तोफांचा वांटा फार मोठा होता. ज्या हत्यारानें निजाम आजवर वरचढ ठरत होता, तेंच आतां त्याच्यावर उलटलें.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं इब्राहिमखानाच्या पलटणी शेवटपर्यंत लढल्या व तो स्वतः शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. निष्ठेचें याहून मोठें प्रमाण मागतां येणार नाहीं. आणि बाराच वर्षांनीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो सुमेरसिंग गारद्याच्या लोकांकडून. एकाच नांवाचें एकच पथक. एकीकडे पानिपत, दुसरीकडे शनिवारवाडा. यावरून गारदी वाईट किंवा चांगले असा निर्णय काढणें चूक होईल. भाड्यानें घेतलेली विद्या धन्याच्या इच्छेवर नव्हे, तर त्या त्या माणसाच्या शीलावर अवलंबून राहते, आणि राज्यास शीलाचा भरंवसा फर्मानानें मिळत नाहीं, एवढेंच त्यांतून निघतें.

६. घरचे कारखाने

पानिपतानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत कारखाने घरीं घालण्याकडे विशेष लक्ष गेलें. जुन्नर प्रांतीं ओतूरजवळ आंबेगव्हाण येथें तोफांचे गोळे करण्याचा कारखाना होता. पुण्यासही तोफांचें काम चाले. पेशव्यांच्या तोफखान्याची दरोगी सोनोरीच्या पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळचा मल्हारगड हा याच घराण्यानें इ.स. १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला, आणि महाराष्ट्रांत नव्यानें बांधल्या गेलेल्या शेवटच्या गडांत त्याची गणना होते.

सुरेन्द्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील आपल्या ग्रंथांत या कारखान्यांची दखल घेतली आहे. त्यांचा एकंदर अभिप्राय असा कीं, प्रयत्न झाले, पण त्यांत सातत्य राहिलें नाहीं. हा अभिप्राय मला मान्य आहे. परंतु त्याचें कारण केवळ अनास्था होतें, असें मला वाटत नाहीं. ओतारी, लोहार, शिकलगार हे कारागीर रोजमुऱ्यावर येत व मोहीम संपली कीं आपल्या गांवीं परत जात. गोळा ओतणाऱ्या माणसास वर्षभर पोसणारें आणि त्याच्या हाताखालीं चार पोरें ठेवणारें खातेंच जर नसेल, तर दरोगा कितीही कर्तबगार असला, तरी दर मोहिमेस त्यास आरंभापासून आरंभ करावा लागणार. शाळेंत चाळीस वर्षें घालविलेल्या माणसास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. शिक्षक नेमला पण वर्ग भरलाच नाहीं, तर ती शाळा नव्हे.

७. आग्र्याचा कारखाना

घरीं घडविणें साधत नव्हतें असें म्हणणारांस उत्तर देणारें मोठें उदाहरण महादजी शिंद्यांचें. त्यांनीं इ.स. १७८४ मध्यें द बॉयन या सॅव्हॉयच्या गृहस्थास दोन पलटणी उभारण्यास सांगितलें. त्यास दरमहा हजार रुपये व शिपायांस दरमहा आठ रुपये प्रमाणें वेतन ठरलें. पुढें या दोन पलटणींचीं कंपूं झालीं. पाटण व मेडता या इ.स. १७९० मधील दोन लढाया त्यांनींच जिंकल्या.

या फौजेच्या पाठीशीं आग्र्याचा कारखाना होता. सँगस्टर नांवाचा एक स्कॉटिश कसबी तेथें तोफा ओतवून घेई व बंदुका घडवी. त्याच्या कारखान्यांतील बंदूक सुमारे दहा रुपयांस पडे व ती विलायती बंदुकीच्या बरोबरीची समजली जाई. येथें सँगस्टर एक होता, पण भट्टीजवळचे शेंकडों हात हिंदुस्थानचेच होते. महादजींचें धोरण पहिल्या दोन मार्गांच्या मधलें होतें: जाणता बाहेरचा, भट्टी आपली, कारागीर आपला. तीन मार्गांत हाच सर्वांत शहाणपणाचा दिसतो, आणि फळही त्याचेंच सर्वांत मोठें मिळालें.

११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. खर्डे आमच्या कळंबहून फार दूर नाहीं; तेथील किल्ल्यांत निजामानें आश्रय घेतला होता. या लढाईंत मराठ्यांकडे शिंद्यांचें पायदळ पेराँ या फ्रेंचाच्या हाताखालीं होतें आणि निजामाचें पायदळ रेमाँ या फ्रेंचाच्या हाताखालीं. दख्खनचे दोन धनी लढत होते. दोघांचीही कवायत एकाच देशची होती. रेमाँनें हैदराबादेस तोफा ओतण्याचा कारखाना घातला. तेथील 'तोप का सांचा' ही जागा त्याची खूण म्हणून आजही दाखवितात. इ.स. १७९८ च्या मार्चांत रेमाँ वारला. त्याच वर्षीं निजामानें इंग्रजांशीं तह केला व ऑक्टोबरांत दहा हजारांहून अधिक कवायती शिपायांचें तें फ्रेंच पथक निःशस्त्र करून मोडण्यांत आलें. सांचा राहिला; पण सांचा वापरण्याचा हुकूम देणारा आतां हैदराबादेंत बसत नव्हता.

८. इ.स. १८०३

याच वस्तूची परीक्षा शिंद्यांच्या बाबतींत इ.स. १८०३ मध्यें झाली. महादजी इ.स. १७९४ मध्यें वारले होते. द बॉयन युरोपास परतला होता व त्याच्या जागीं पेराँ होता. युद्धास तोंड लागतांच, शिंद्यांच्या नोकरींतील इंग्रज प्रजाजनांनीं ती सोडून यावें, त्यांच्या उपजीविकेची सोय कंपनी करील, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरलानें ऑगस्टांत काढला. पुष्कळ अधिकारी निघून गेले. सप्टेंबरांत खुद्द पेराँनेंही इंग्रजांचा आश्रय घेतला. ४ सप्टेंबरास अलीगडचा किल्ला पडला, तेव्हां इंग्रजी फौजेस दरवाज्याची वाट दाखविणारा ल्यूकन हा कालपर्यंत शिंद्यांच्याच चाकरींत होता.

आणि भट्टीजवळचे व तोफेजवळचे हात? त्यांची वागणूक शत्रूच्याच लेखणींतून कळते. २३ सप्टेंबर रोजीं असईवर (आज हें गांव जालना जिल्ह्यांत आहे) वेलस्लीस जय मिळाला. परंतु त्याचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं व जखमी झालीं, आणि त्यांतील फार मोठा भाग मराठी तोफांनीं टिपला. इंग्रज पलटणी तोफांवरून पुढें गेल्यावर, मेल्याचें सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले व त्यांनीं त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर पुन्हा डागल्या. तेथें अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. त्यांची घडण कंपनीच्या कामास चालण्याजोगी आहे, असा खुद्द वेलस्लीचा अभिप्राय होता. १ नोव्हेंबर रोजीं लासवाडीच्या लढाईंत बहुतेक युरोपीय अधिकारी नसतांही शिंद्यांच्या पलटणी अशा लढल्या, कीं गोलंदाज संगिनीनें मारले जाईपर्यंत आपल्या तोफा सोडीत नव्हते, असें सेनापति लेक यानें लिहिलें. त्यांस फ्रेंच अधिकारी असते, तर निकाल संशयांत पडला असता, असेंही त्यानें जोडलें.

या शेवटल्या वाक्यांत सर्व प्रकरणाचें सार आहे. तोफ घरची होती व उत्तम होती. गोलंदाज घरचा होता व मरेपर्यंत उभा राहिला. उणें पडलें तें मधलें अंग. पलटण कोठें उभी करावी, तोफा केव्हां हलवाव्या, कोणता पार्श्वभाग सोडावा, ही विद्या वीस वर्षांत घरच्या एकाही माणसास पूर्णपणें दिली गेली नव्हती. परक्या अधिकाऱ्यास ती देण्याची गरज नव्हती, कारण तींतच त्याच्या वेतनाची शाश्वती होती. आणि धन्यानें ती मागितली नाहीं, कारण विजय मिळत होते.

यशवंतराव होळकरांनीं पुढील वर्षीं आपल्या नोकरींतील व्हिकर्स, डॉड व रायन या तीन इंग्रज अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करविला. फितुरीचें भय त्यांस वाटलें, हें परिस्थिति पाहतां समजण्याजोगें आहे. पण धडावेगळें केलेलें डोकें विद्या मागें ठेवून जात नाहीं. जाणत्यावर संपूर्ण विसंबणें आणि जाणत्यास नाहींसा करणें, या एकाच चुकीच्या दोन बाजू होत. दोहोंतही शिष्य तयार होत नाहीं.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीवर पेशव्यांचा पराभव झाला. त्याच खडकींत इ.स. १८६९ मध्यें इंग्रजांनीं दारूगोळ्याचा कारखाना काढला, आणि त्यांत राबणारे हात बहुतांशीं याच मुलखाचे होते.

९. उपसंहार

तेव्हां घरीं घडवावें कीं जाणत्यावर सोंपवावें, हा प्रश्न त्या रूपांत चुकीचा आहे, असें माझें मत झालें आहे. महंमद रूमी, इब्राहिमखान, सँगस्टर यांस बोलाविणें हें शहाणपणाचेंच होतें; त्यांच्यावांचून अडून बसणें किंवा अर्धवट ज्ञानावर नळी घडवून आपलेच हात उडवून घेणें, हा मार्ग नव्हे. प्रश्न एवढाच, कीं जाणता आला तेव्हां त्याच्या शेजारीं कोण उभें होतें, आणि तो गेला तेव्हां मागें कोण राहिलें. जेथें कारागीर शेजारीं उभा होता, तेथें तोफ आपली झाली. जेथें सेनानी शेजारीं उभा नव्हता, तेथें लढाई परक्याची झाली.

संग्राहकांस दोन विनंत्या करून हा लेख पुरा करतों. पहिली कागदांविषयीं. लढायांचीं पत्रें आपण जपतों. कारखान्याच्या याद्या, तांबें-कथिलाचे जमाखर्च, ओताऱ्यांचे रोजमुरे, सोऱ्याच्या खरेदीच्या चिठ्ठ्या या मात्र क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. मला ज्या चौथ्या नांवाचा शोध आहे, तें नांव असल्याच चिठ्ठीच्या पाठीवर असण्याचा संभव अधिक. अशी चिठ्ठी कोणापाशीं असेल, तर ती मंडळाच्या दृष्टीस आणावी.

दुसरी हत्यारांविषयीं. जुनी ठासणीची किंवा तोड्याची बंदूक सांपडल्यास ती भरलेली आहे असें समजूनच हाताळावी. आंतील दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊं शकते. ती विस्तवाजवळ नेऊं नये, तापवूं नये, कानांत सळई घालूं नये. ती चालती करण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. इ.स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या पण दुरुस्त करूनही उडूं न शकणाऱ्या हत्यारास सूट आहे. उडूं शकणाऱ्या हत्यारास नाहीं, आणि परवान्यावांचून बंदूक घडविणें किंवा दुरुस्त करणें हा अपराध आहे. आपलें हत्यार कोणत्या वर्गांत पडतें, हें आपण ठरवूं नये. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावें. आणि नळीवर अक्षर दिसलें, तर प्रथम तिरप्या उजेडांत त्याचें छायाचित्र घ्यावें, माप लिहून ठेवावें, नळी कोरड्या कापडांत गुंडाळावी आणि जाणत्याकडे न्यावी. नेतांना घरांतला एखादा तरुण बरोबर न्यावा व जाणता काय करतो तें त्यास जवळ उभें राहून पाहूं द्यावें.

त्या खेड्यांतील नळी आतां अशाच एका जाणत्याकडे आहे. तीवर नवें कांहीं निघण्याची आशा थोडी. पण ती घेऊन माझ्या विद्यार्थ्याची मुलगी गेली होती; दोन दिवस तेथें राहून तिनें गंज कसा थांबवितात हें पाहिलें, आणि परत आल्यावर घरांतील जुन्या पोथ्यांच्या लांकडी फळ्यांवरील लोखंडी कड्या तिनें मला हात लावूं दिल्या नाहींत.